शिझुओकाने कांबारा गिळलं, शिमिझू नाही

'शिझुओकाने आधी शिमिझू गिळलं, मग कांबारा' हे जपानमधल्या शिझुओका शहराबद्दल (शिमिझू हे शहर, कांबारा हे नगर) इतक्यांदा वाचलंय की आता राहवत नाही. यातलं अर्धंच खरं आहे.

कांबाराचं सोपं आहे. आपण हद्दवाढ म्हणतो तेच, जपानीत 'हेन्न्यू गाप्पेइ'. तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरचं हे 15वं ठाणं चित्रकार हिरोशिगेच्या बर्फाळ रात्रीच्या चित्रामुळे प्रसिद्ध आहे (बर्फ तिथे क्वचितच पडतो, ते सोडा). 31 मार्च 2006 ला ते शिझुओका शहरात गेलं. नगराध्यक्ष घरी, शहराचे नियम लागू. महापौरांच्या खुर्चीला धक्काही नाही.

खरा घोळ शिमिझूचा. 1 एप्रिल 2003 ला झाली ती 'शिन्सेत्सु गाप्पेइ'. यात कुणी कुणात जात नाही. सगळे जुने बरखास्त होतात आणि नवीन शहर स्थापन होतं. म्हणजे त्या दिवशी शिमिझूबरोबर जुनं शिझुओकाही कायद्याने संपलं! नव्या शहराने नाव शिझुओकाच घेतलं आणि लोक नेमके तिथेच फसतात. नावावर जाऊ नका, खुर्ची बघा. 2003 मध्ये दोन्ही महापौरांची पदं गेली आणि नव्या शहरासाठी नव्याने निवडणूक घ्यावी लागली. जुन्या शिझुओकाचेच महापौर पुन्हा निवडून आले, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला काही बदललंच नाही असं वाटलं. शिमिझूकरांना गिळलं गेल्यासारखं वाटत असेल तर ते समजू शकतं, नाव त्यांचंच गेलं. पण त्यालाही गिळणंच म्हणायचं, तर कांबाराचं जे झालं त्याला कुठला शब्द उरतो?

बाकी फरक किरकोळ. दोन्ही प्रकार हेइसेइ काळातल्या (1989-2019) विलीनीकरणाच्या एकाच लाटेतले. 1999 मध्ये जपानात 3,232 शहरं, नगरं आणि गावं होती, मार्च 2010 अखेर 1,727 उरली. जुन्या विलीनीकरण कायद्याच्या सवलती 31 मार्च 2006 पर्यंतच होत्या. कांबाराची तारीख पुन्हा वाचा.

कांबाराशेजारचं युई नगर मात्र तेव्हा बाहेरच राहिलं. त्यामुळे कांबारा अडीच वर्षांहून जास्त काळ नकाशावर बेटासारखं होतं, मुख्य शहरापासून तुटलेलं. 1 नोव्हेंबर 2008 ला युईही आलं, हद्दवाढीनेच. आज कांबाराचा पत्ता शिझुओका शहर, शिमिझू-कु, कांबारा असा लिहितात (कु म्हणजे प्रभाग). बरखास्त झालेल्या शहराचं नाव प्रभागाला राहिलं आणि कांबारा त्याच्या पोटात.