इव्हेंटचं फील्ड की कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल?

नेटवर्क मॉनिटरिंगचे, म्हणजे उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचे, नियम लिहिताना या दोघांची हमखास गल्लत होते, कारण नियमात दोन्ही सारखीच दिसतात: एक नाव आणि त्याची एक किंमत. इव्हेंट म्हणजे उपकरणाबद्दल आलेली एक सूचना, आणि फील्ड म्हणजे तिच्यातला एक रकाना. फील्ड इव्हेंटसोबत येतं आणि त्याच्याबरोबरच संपतं. व्हेरिएबल मात्र एका इव्हेंटमुळे भरलं जातं आणि नंतर येणाऱ्या दुसऱ्याच इव्हेंटच्या वेळी वाचलं जातं.

समजा, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं एक युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, दुसरं चिंचोळीत. अक्कलकोट रोडला वीज गेली की यूपीएसवर नसलेले नेटवर्क स्विच, कॅमेरे, हजेरीची मशिनं एकामागोमाग ‘डाउन’ होतात. प्रत्येक इव्हेंटमध्ये उपकरण, साइट, वेळ सगळं असतं. वीज गेली आहे हे एकातही नसतं. नुसत्या फील्डच्या भरवशावर राहिलं, तर नियम वाढतच जातात. या स्विचसाठी एक, त्या कॅमेऱ्यासाठी एक, रात्रपाळीसाठी आणखी वेगळा.

त्याऐवजी, यूपीएस बॅटरीवर गेल्याचा इव्हेंट आला की त्या साइटच्या नावाने ‘वीज: बॅटरीवर’ अशी नोंद ठेवायची. हेच आपलं कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल. मग नियम एकच पुरतो: उपकरण डाउन आहे आणि त्याची साइट बॅटरीवर आहे, तर कुणाला फोन करू नका, तो इव्हेंट वीज गेल्याच्या घटनेला जोडा. साइट कुठली हे फील्डच सांगतं, म्हणून त्याचीही गरज राहतेच. नोंद साइटनुसार वेगळी ठेवली नाही, तर अक्कलकोट रोडच्या अंधारात चिंचोळीतला खरा बिघाडही दबून जाईल.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे ती नोंदीची मुदत, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. वीज परत आल्याचा निरोप पोचलाच नाही, तर मुदत नसलेलं व्हेरिएबल खरे अलर्ट दिवसेंदिवस गिळत राहतं. यूपीएससाठीच्या आरएफसी १६२८ या प्रमाणानुसार (१९९४) बॅटरीवर असल्याचा ट्रॅप (उपकरणाने आपणहून पाठवलेला निरोप) दर मिनिटाला पुन्हा पाठवला जातो. ट्रॅप सहसा यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवरून जातात आणि त्यांची पोच मिळत नाही, तेव्हा एखाददुसरा हरवणारच. म्हणून पाच मिनिटांची मुदत द्यावी आणि प्रत्येक नव्या ट्रॅपला ती पुढे ढकलावी.

डिस्क भरत आल्याच्या अलर्टला यातलं काही लागत नाही. तिथे फील्ड पुरे. सर्व्हर रूमच्या तापमानाचं मात्र उलट आहे. साइट बॅटरीवर असताना एसी बहुधा बंदच असतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीपार असतो. तिथे त्याच व्हेरिएबलने अलर्ट दाबायचा नाही, उलट त्याची तीव्रता वाढवायची.