आनंदीबाईंनी प्रॅक्टिस केली होती का?

‘भारतात प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी’ हा मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. पदवी खरी, पेनसिल्व्हेनिया, मार्च १८८६. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय अवघं २१.

प्रॅक्टिस केली ती कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींनी, १८८६ पासूनच. एका बंगाली संपादकाने त्यांना आडून वेश्या म्हटलं, तेव्हा गांगुली कुटुंबाने त्याला कोर्टात खेचून तुरुंगात धाडलं. (हे कुणी फॉरवर्ड करत नाही!)

आणि आपल्या रखमाबाई? नांदायला यावं म्हणून नवऱ्याने घातलेल्या खटल्यापुरत्या आठवतात. पुढे लंडनला डॉक्टरकी शिकून त्यांनी सुरत आणि राजकोटला तीनेक दशकं बायकांवर उपचार केले, ते बहुतेकांच्या गावीही नसतं.