डब्याच्या तळाची हिरवी भुकटी

ठाण्यात जुलै लागला की मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात आणि शेंगदाण्यांचं काही खरं नसतं. जांभळी नाक्यावरून आणलेल्या दाण्यांचा डबा परवा उघडला, तर तळाला हिरवट-पिवळी भुकटी. दोष दुकानदाराचा नाही. झाकण मीच सैल ठेवलं होतं. आई म्हणाली, "भाज, सगळं जाईल."

बुरशी जाते, विष पुरतं जात नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. प्रत्येक हिरव्या डागात ते असतंच असं नाही, पण नुसत्या डोळ्यांनी ओळखायची सोय नाही. यकृत हे विष मोडायला जातं आणि त्या खटपटीत त्याचं आणखी घातक रूप बनतं. पेशीच्या सूचना डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात. ते त्यातल्या 'जी' या अक्षराला चिकटतं. मग नक्कल होताना कधीतरी 'जी'च्या जागी 'टी' पडतो.

१९९१ मध्ये चीनमधल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या यकृतातल्या गाठी तपासल्या, तेव्हा अशी चूक एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा सापडली: पी-५३ या प्रथिनाच्या जनुकात, २४९व्या अमिनो आम्लाची (प्रथिनाच्या साखळीतल्या कडीची) सूचना असते तिथे.

पी-५३ म्हणजे ३९३ अमिनो आम्लांची साखळी. अशा चार साखळ्या एकत्र येऊन डीएनएवर बसतात आणि ठरावीक जनुकं चालू करतात. त्यातलं एक पी-२१. त्याचं प्रथिन पेशीचं विभाजन थोपवून धरतं, म्हणजे आधी डागडुजी, मग वाढ. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पी-५३ पेशीला मरायलाही लावतं.

साखळीत २४९व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं. गंमत अशी, की ते स्वतः डीएनएला धरत नाही. धरणारा भाग जागेवर राहावा एवढंच त्याचं काम, निऱ्यांना लावलेल्या पिनेसारखं. जनुकातल्या त्या चुकीमुळे तिथे सेरिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की पकड सुटते. पी-२१ला हुकूम जात नाही, पेशी वाढत सुटते. बिघडलेल्या साखळ्या चौकडीत शिरल्या, तर चांगल्या साखळ्यांचं कामही बिघडू शकतं.

एवढ्यावर लगेच कर्करोग होत नाही. आणखीही बिघाड साचावे लागतात. पण जोडीला हेपटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग, असेल तर गोष्ट वेगळी. शांघायमधल्या पाहणीत दोन्ही असलेल्यांचा यकृताच्या कर्करोगाचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे ६० पट निघाला.

दाणे परातीत ओतून निवडायला बसलो, मग कंटाळून सगळेच टाकले. आई म्हणाली, "कुटाला चालले असते."