अक्षरं कुठे रखडतात?

नागपूरच्या महालातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात बर्डीवरून आणलेली एक जुनी मशीन आहे, लिनक्सवाली. इंग्रजी पान झरझर सरकतं, पण लग्नपत्रिकेचा मराठी मजकूर सरकवला की ओळ ओळ करत उमटतो. गिऱ्हाईक तोवर कूलरसमोर जाऊन उभं राहतं. "रॅम वाढवून घे ना भाऊ," हा सल्ला ठरलेला. मी मात्र आधी विचारतो, अक्षर काढतंय कोण? याचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदललंय.

लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या आणि अक्षरं उमटवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. अकरावी आवृत्ती, जी आजही चालते, १९८७ची. तेव्हा फॉन्ट सर्व्हरकडेच, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रॅमकडेच असत. प्रोग्रॅमने मजकूर सांगायचा, सर्व्हरने ठिपके उमटवायचे. काम हलकं, म्हणून झटपट. कडा मात्र करवतीसारख्या.

२०००च्या सुमारास एक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर कीथ पॅकार्ड यांनी त्याला रेंडर हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोड, आणलं. आता फॉन्टमधून आकार काढणाऱ्या फ्रीटाइप या लायब्ररीच्या मदतीने अक्षराचा आकार प्रोग्रॅमच घडवू लागला. तो एकदा सर्व्हरकडे द्यायचा आणि सर्व्हरने खालच्या रंगात मिसळायचा. कडा गुळगुळीत झाल्या त्या या मिसळण्यामुळे, आणि रखडणंही तिथूनच आलं. मिसळायचं तर खाली कोणता रंग आहे ते आधी वाचावं लागतं. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरला हे जमत नसेल तर प्रोसेसरला करावं लागतं, आणि कार्डाच्या मेमरीतून परत वाचणं हे तिथे लिहिण्यापेक्षा कितीतरी महाग. त्यामुळे त्या काळी ॲक्सलरेशन (रंगवायचं काम कार्डावर टाकणं) बंद केलं की अक्षरं उलट पळायला लागायची: सगळं साध्या रॅममध्ये रंगवून तयार चित्रच कार्डाकडे जाई. २००५मध्ये एक्सा ही ॲक्सलरेशनची नवी पद्धत आली, तीही अक्षरांपाशीच अडखळली. प्रत्येक अक्षर म्हणजे कार्डाला एक वेगळं किरकोळ काम. २००८मध्ये प्रोग्रॅमर ओवेन टेलर यांनी अक्षरं एकत्र साठवणारी कॅश घातली, तेव्हा कुठे ती सावरली.

मराठीचं दुखणं याच्या आधीच्या पायरीवर. 'स्त्री' साठवताना सहा कोड लागतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. ते जुळवून एक आकार करायचं काम पूर्वी पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडे होतं, आता हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडे. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांच्या दिवसांत 'पँगो बंद करा, वेग वाढेल' अशी युक्ती फिरायची. वाढायचाही! फक्त वेलांट्या भरकटायच्या आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. सल्ला देणाऱ्याला आपली लिपी वाचायची नव्हती, त्याचं काय जातं?

तपासायला फार लागत नाही. पान सरकवत असताना टॉप, म्हणजे कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती खातोय ते दाखवणारी आज्ञा, उघडा ठेवायचा. एक्सऑर्ग, म्हणजे एक्सचा सर्व्हर, वर चढला तर मिसळण्यात अडचण. मग एक्स११पर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर साध्या आणि गुळगुळीत मजकुराचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. प्रोग्रॅम स्वतःच चढला तर अडचण जुळवणीत. आमच्या मशीनवर प्रोग्रॅम चढला होता. मी महिनाभर ड्रायव्हर बदलत बसलो होतो.