जड पिस्तूल जास्त उसळतं?

ग्वाल्हेरला बाड्यावर चहाच्या गप्पा बंदुकीच्या परवान्यावर आल्या, की कुणीतरी काका सांगणारच: "पोलादी पिस्तूल जड, म्हणून धक्काही जबर." काका, उलट आहे! गोळी तीच असेल तर पिस्तूल जितकं जड, तितकं ते कमी वेगानं मागे येतं. नुसता वजनातला फरक पाहा: जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं 'एम१९११' हे पोलादी पिस्तूल (.४५ गोळीचं) रिकामंच सुमारे १,१०० ग्रॅम; प्लॅस्टिक सांगाड्याचं ग्लॉक १७ (९ मिमी गोळीचं) सव्वासहाशेच्या आसपास. पोलादी पिस्तुलात नेम पटकन जागेवर येतो, म्हणून शौकीन आजही त्याला चिकटून आहेत. हां, दिवसभर कमरेला बांधलं तर पट्टा एका बाजूला ओढला जातो, हे खरंच. आणि आपल्याकडे .४५ आणि ९ मिमी दोन्ही निषिद्ध बोअर (म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारे नळीचे माप), साध्या परवान्यावर .३२ वगैरेच.