मदत-पुरवठा साखळीचे एकीकरण

आपत्तीत काम करणाऱ्या अनेक संस्थांची खरेदी, वाहतूक, गोदामे आणि वाटप एकाच माहितीवर चालवण्याची पद्धत. गोदाम सामाईक झाले म्हणजे एकीकरण झाले, असा समज आढळतो. पण कोणाचा कोणता माल कुठवर पोचला हे इतरांना कळत नसेल, तर एकाच छपराखाली ताडपत्र्यांचे ढीग लागतात आणि भांड्यांचा पत्ता नसतो. हा समन्वय साधण्यासाठी आंतरराष्ट्रीय मदतकार्यातील २००५ च्या सुधारणांनंतर ‘लॉजिस्टिक्स क्लस्टर’ हा मदतसंस्थांचा गट सुरू झाला. त्याचे नेतृत्व संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे आहे.

नियोजन हिशेबाने सुरू होते. माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हे प्रमाण धरले, तर साधारण अर्धा किलो कोरडा शिधा लागतो. म्हणजे १०,००० लोकांना दिवसाला ५ टन, महिन्याला १५० टन. सपाटीवर १० टनी ट्रकच्या १५ खेपा पुरतात. घाटात ३ टनांचीच गाडी चढत असेल तर ५०. औषधांसाठी १०,००० लोकांना सुमारे तीन महिने पुरणारा आंतरसंस्था आरोग्य संच (सर्व संस्थांनी मान्य केलेला औषधे-उपकरणांचा संच) आधीच ठरलेला असतो, त्यामुळे यादीवर वाद होत नाही.

२५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसल्या. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर ब्रिटनच्या निधीतून उभारलेले मदतसाहित्याचे केंद्र जेमतेम महिनाभर आधी सुरू झाले होते. ते लगेच कामी आले. पण धावपट्टी एकच. तिला तडे जाऊ लागल्यावर मेच्या सुरुवातीला १९६ टनांपेक्षा जड विमानांना बंदी घालावी लागली. पुढे सीमाशुल्काची तपासणी, दरडींनी बंद पडलेले रस्ते. वरच्या गावांत धान्य अखेर भरियांच्या (डोंगरी हमालांच्या) पाठीवर आणि खेचरांवरून गेले. आधीची तयारी नेमकी तिथे, डोंगरात, तोकडी होती.

बिघाड बहुधा कागदापासून सुरू होतो. एअरवे बिलावर (विमानाने येणाऱ्या मालाच्या वाहतूक-कागदावर) माल घेणाऱ्या संस्थेचे नाव नसणे, पॅकिंग लिस्टमध्ये नुसते ‘मदतसाहित्य’ लिहिणे, औषधांची मुदत न नोंदवणे: यांतले काहीही झाले की माल विमानतळावर अडकतो आणि मागच्या विमानाची जागा खातो. न मागता आलेले जुने कपडे तर निवडायलाच माणसे लागतात. खोक्यांवरचे रंग (अन्नाला लाल, कपडे व घरगुती वस्तूंना निळा, औषधांना हिरवा) दिसायला किरकोळ, पण रात्री ट्रक रिकामा करताना तेच उपयोगी पडतात.

कामगिरी मोजताना ‘किती टन उतरवले’ हा आकडा फसवा ठरतो, कारण तो विमानतळावरच थांबतो. मागणीपासून हाती पडेपर्यंतचे दिवस, मागितल्यापैकी किती मिळाले, साठा किती वेळा संपला, वाटेत किती खराब झाला आणि टनामागे खर्च किती, हे एकत्र पाहावे लागते. खर्च कमी दिसतो तेव्हा दुर्गम गावे वगळली गेली आहेत का, हेही तपासतात. यातली अवघड गोष्ट निधीची आहे: देणगी ठरावीक जिल्ह्यासाठी वा वस्तूसाठी बांधलेली असली, तर शेजारच्या संस्थेकडे तुटवडा दिसत असूनही साठा उसना देता येत नाही.