लाल-पिवळं नापास, भगवंही नापास

बेळगावात दुकानाची वेबसाईट करायची ठरली की पहिली चर्चा रंगाची. कन्नड झेंड्याचं लाल-पिवळं घेतलं तर मराठी गिऱ्हाईक काय म्हणेल, भगवं घेतलं तर कन्नड गिऱ्हाईक काय म्हणेल. शेवटी मालक निळ्यावर येतो आणि सगळे सुटतात. डोळ्याला मात्र या राजकारणाशी काही देणंघेणं नाही. त्याच्या परीक्षेत दोन्ही बाजू नापास आहेत.

वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या तेजाचं गुणोत्तर साध्या मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्या मथळ्याला ३ चालतं, असं ती सांगतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, याच्या वर काही नाही. आता शुद्ध पिवळ्यावर शुद्ध लाल अक्षरं मोजा: ३.७. वेबवर सर्रास दिसणाऱ्या केशरी-भगव्या छटेवर पांढरी अक्षरं: २.१. पांढऱ्यावर पिवळी तर १.०७, म्हणजे लिहिलं काय अन् न लिहिलं काय.

लाल आणि पिवळा इतके वेगळे दिसतात, मग असं का? कारण बारीक रेषा डोळा रंगावरून नाही, उजेडातल्या फरकावरून ओळखतो. रंगातला फरक मेंदूकडे जातो तो जाडाभरडा, कडा पुसट झालेला. जेपेग फोटो याचाच फायदा घेतात: उजेडाची माहिती बारकाईने ठेवायची, रंगाची बरीचशी टाकून द्यायची. फोटो बघताना आपल्याला पत्ताही लागत नाही. पण अक्षर म्हणजे नुसत्या कडाच. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक केवढासा!

शिवाय स्क्रीनच्या तिन्ही मूळ रंगांचं तेज सारखं नसतं. पांढऱ्या रंगाच्या तेजात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणून तो तेजाने जवळजवळ पांढराच. आणि भांडण नको म्हणून निवडलेला निळा, शुद्ध घेतला तर, पांढऱ्यावर ८.६ मिळवून आरामात पास होतो. मालकाचं नशीब, दुसरं काय!

यावरून आवडता रंग सोडावा असं मुळीच नाही. अक्षरं काळी करा. पिवळ्यावर काळं १९.६, त्याच भगव्यावर काळं जवळजवळ १०. बेळगाव पासिंगची, म्हणजे केए २२ ची, साधी टॅक्सी पाहा. पिवळ्या पाटीवरचा काळा नंबर लांबूनही वाचता येतो.

हे आकडे झाले घरातल्या उजेडाचे. गिऱ्हाईक मात्र गणपत गल्लीत भर दुपारी उभं राहून कुंद्याचा भाव बघत असतं. काचेवरून परतणारं ऊन अक्षरांवरही पडतं आणि मागच्या पांढऱ्यावरही. गुणोत्तराच्या सूत्रात पांढऱ्याचं तेज १ आणि काळ्याचं ० धरून दोन्हींत ०.०५ मिळवतात ते अशाच भटक्या उजेडासाठी: १.०५ भागिले ०.०५, म्हणून २१. उन्हात हा उजेड पांढऱ्याच्या निम्मा झाला असं धरा; मग १.५ भागिले ०.५, उरले फक्त ३! हे काळ्या अक्षरांचं. हल्ली ‘क्लासिक’ म्हणून मिरवणारी फिकट करडी अक्षरं घरातच २.८५ ची असतात, उन्हात ती १.८ वर येतात. ती फॅशन मला कधीच कळलेली नाही.

रंगानंतरचा प्रश्न जागेचा, आणि तो इथे जास्तच अवघड. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ मध्ये झाला, त्यामुळे पाटीवर जागा मोजून देता येते. स्क्रीनवर तीन लिपी आल्या की एकाच मापाने भागत नाही. ‘वर्षांपूर्वी’ हा शब्द घ्या. शिरोरेघेवर दोन रफार, एक अनुस्वार, एक वेलांटी. खाली ‘पू’चा उकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर इथे तसंच ठेवलं, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या रफारात अडकतो. कन्नडचा भार मात्र मुख्यतः खाली. ‘राष्ट्र’ लिहिताना ट आणि र हे दोघे ष च्या पायाशी लटकतात. रफार वर न चढता अक्षराच्या उजव्या अंगाला बसतो. म्हणून तिन्ही लिपींना अंतर वेगवेगळं द्यावं. मराठीला अक्षराच्या मापाच्या पावणेदोन पट अंतर मला बरं वाटतं.

इंग्रजी मथळे ऐटबाज दिसावेत म्हणून अक्षरं फाकवून ठेवायची सवय डिझायनरना असते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि ‘शहापूर’ चार तुकड्यांत दिसतं. मथळा उठून दिसायला हवा असेल तर अक्षरं मोठी करा, ठळक करा. इंग्रजीसारखी कॅपिटल-स्मॉल अक्षरं ना देवनागरीत आहेत ना कन्नडमध्ये.

आणि पानाच्या कोडमध्ये ‘भाषा: मराठी’ अशी खूण अवश्य घालायला सांगा. ती नसेल तर फॉन्ट बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतो. खूण घातली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, की दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची होतात. वाचकाकडे स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असेल आणि त्यात मराठी आवाज असेल, तर हीच खूण पाहून तो मजकूर मराठी आवाजात वाचतो. काम एका ओळीचं आहे, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.